चांगोबाच्या कागदाला जोडून

अप्पासाहेब,

चार दिवसांपूर्वी तुमचं तेरावं झालं. पंक्तीला बसलेल्या मंडळींनी तुमच्याबद्दल इतकं गोड बोलून घेतलं की तुम्ही असतात तर भात यायच्या आधीच उठून हात धुतले असते. तुमच्या रागाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ठाकुर्लीच्या कागदांवर माझ्या हातून दौत सांडली त्या दिवशी तुम्ही मला काय काय म्हणालात ते मला अजून पाठ आहे, पण तेराव्याला सांगण्यासारखं ते नव्हे. मी मुकाट्याने पान संपवलं.

जेवणं आटोपल्यावर बाईसाहेबांनी मला आत बोलावलं आणि तुमचं दप्तर पुढ्यात ठेवलं. लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, तुम्ही गावाप्रमाणे लावलेले: ठाणं, माजिवडं, दिवा, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. हे सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून मुंबईला पाठवायचं आहे, तिथले डॉक्टर लोक छापणार आहेत, असं त्या म्हणाल्या. वर एक अट घातली. "धर्माजी, त्यांच्या लिहिण्यातलं एक अक्षर बदलू नका. चूक दिसली तरी तशीच राहू द्या." मी मान डोलावली. अठरा वर्षं तुमचा कंपाउंडर आणि त्याहून जास्त तुमचा लेखनिक. मान डोलावण्यात माझा हात कोण धरणार?

घरी येऊन मी पहिल्यांदा दिव्याचा गठ्ठा सोडला. बाकीचे सोडून आधी तोच का, हे तुम्हाला सांगायचं म्हणून लिहायला बसलो आहे.

तुम्ही ठाण्याच्या इस्पितळात बदलून आलात तेव्हा घाटावरचे, नवे कोरे, खाडीचा वास आला की नाकाला रुमाल लावणारे. दोन-चार वर्षांत गळवं कापून नाव मिळवाल आणि मुंबईला जाल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग ती म्हातारी आली. तिच्या घरचे तिला इस्पितळाच्या पायरीवर बसवून गेले ते परत आलेच नाहीत. तुम्हाला बघितल्याबरोबर ती म्हणाली, आलास का रे दादा, आणि भाऊबीजेला आला नाहीस म्हणून तुम्हाला असं झाडलं की आजूबाजूचे रोगी हसायला लागले. मीही हसलो. तुम्ही मात्र तिच्यासमोर पाटावर बसावं तसे बसलात आणि तिने औषधाचं रिकामं तबक तुमच्याभोवती फिरवून तुम्हाला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला कोरे कागद आणायला पाठवलंत.

तिथून तुम्ही म्हाताऱ्यांच्या हात धुऊन मागे लागलात. लोक ज्याला म्हातारचळ म्हणतात तो चळ नाही, रोग आहे, आणि रोग असेल तर त्याला चालण्याची काही रीत असणार, असं तुमचं म्हणणं. ती रीत बघायची तर त्याच माणसाला दरवर्षी भेटलं पाहिजे. म्हणून पाऊस संपला, रस्ते वाळले, की आपली बैलगाडी निघायची. गावोगावच्या ओट्यांवर तेच म्हातारे, तेच दहा प्रश्न, आणि मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून नवा कागद. नाव काय, आज वार कोणता, महिना कोणता, राज्य कोणाचं, मुलं किती. म्हातारे वैतागायचे. एका आजोबांनी तर तुम्हाला विचारलं की मागच्या वर्षी सांगितलं होतं ते तुम्हीच विसरलात की काय.

पहिल्या वर्षीच्या कागदात एक प्रश्न नवऱ्याच्या नावाचा होता. तो इंग्रजी पुस्तकातून जसाच्या तसा आला होता हे उघड होतं. बायका पदर तोंडाला लावून गप्प. तुम्ही स्वतः तो प्रश्न घातलेला, आणि बाईसाहेबांनी तुमचं नाव जन्मात घेतलेलं नाही हे तुमच्या लक्षात यायला माजिवड्याच्या सात म्हाताऱ्या लागल्या. परतताना गाडीत तुम्ही इतके हसलात की बैल बिचकले. तो प्रश्न तुम्ही खोडलात. पुस्तकातले बाकीचे प्रश्न तसेच राहिले, आणि त्यांच्याकडे आपण दोघांनी पुन्हा नीट पाहिलं नाही.

आपलं भांडणही तेव्हापासूनचं. म्हातारा विचारतो, माझी बायको कुठे आहे? ती तर मरून दहा वर्षं झालेली. मी म्हणायचो, बाजारात गेलीये, येईल. तुम्ही चिडायचात. रोग्याशी खोटं बोलायचं नाही, सत्य सांगायचं, हळू सांगायचं. मी म्हणायचो, अप्पासाहेब, तुम्ही सत्य सांगता आणि गाडीत बसून निघून येता. तो मात्र दरवेळी नव्याने विधुर होतो. यावर तुम्ही बैलांकडे बघायचात. शेवटी कितीतरी वर्षांनी कल्याणच्या वाटेवर तुम्ही अर्धी तडजोड केलीत. म्हणालात, "तोंडाने काय हवं ते बोल, धर्मा. कागदावर खोटं जाता कामा नये." हे वाक्य तुम्ही पुढे इतक्यांदा म्हणालात की मला त्याची धास्ती बसली. तुम्ही ते म्हणालात की मी दौतीत बघायचो. का ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आता दिव्याच्या गठ्ठ्यातला तो कागद.

दिव्याच्या अंगाला खाडीकाठी आमचं गाव. माझा बाप मिठागरावर राबला, त्याचा बापही. मी शिकलो, ठाण्यात आलो, कोट-टोपी घातली, आणि माझ्या बोलण्यातून गाव पुसून टाकलं. 'पानी' म्हणणारी जीभ 'पाणी' म्हणायला लागली याचा मला कोण अभिमान! तुम्हाला माझं गाव ठाऊक होतं, पण मिठागराची मी तुमच्याजवळ कधी गोष्ट काढली नाही.

तुमच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी गावच्या लोकांनी चांगोबाला इस्पितळात आणलं. चांगोबा म्हणजे आमच्या मिठागराचा जुना राखणदार. खाडीचं पाणी आत घ्यायची जी दारं असतात, त्यांना आम्ही उघाडी म्हणतो, ती उघडायचं आणि लावायचं काम त्याचं. म्हातारपणी त्याला कामावरून काढलं होतं, पण ते त्याला आठवत नव्हतं. तयार मिठाच्या खाचरांत तो पाणी सोडून द्यायचा. दोन वर्षं लोकांनी सोसलं. तिसऱ्या वर्षी अख्ख्या गावाचं मीठ विरघळलं, आणि पुतण्यांनी त्याचे हात बांधून त्याला गाडीत घातलं.

तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती त्याचे हात सोडलेत. मग टेबलाशी बसून कागद पुढे ओढलात. मी शेजारी टाक घेऊन उभा. चांगोबाने मला ओळखलं. सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आरं धर्म्या, तू सखूचा पोर ना? तुजा बापूस मेला तवा बांध मीच धरला व्हता." दारातला शिपाई खुदकन हसला. माझी कानशिलं तापली. धर्माजी कंपाउंडरचा धर्म्या झाला, आणि तोही तुमच्यासमोर.

तुम्ही विचारलंत, आज वार कोणता. चांगोबाच्या तोंडात दात नव्हते आणि बोली आमची. तुम्हाला घाटावरच्या माणसाला त्यातलं अक्षर लागेना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तो काय म्हणाला होता ते मी आज पहिल्यांदा लिहितो. तो म्हणाला, "वार काय मना ठाव नाय. आज आठमीचा पानी. भांग हाय. दिवं लागताना भरल."

अप्पासाहेब, त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला भरतीला जोर नसतो, त्यालाच भांग म्हणतात, आणि आमच्याकडे पाणी दिवेलागणीला भरतं. चार भिंतींच्या आत, हात बांधून आणलेला, दोन कोसांवरच्या खाडीचं पाणी तो घटकेपर्यंत सांगत होता. बायको मेल्याचं त्याला आठवत नव्हतं, पुतण्यांची नावं तो उलटसुलट करत होता, पण पाणी चुकला नव्हता. मिठागरावरही त्याने पाण्याची वेळ कधी चुकवली नव्हती; चुकलं होतं ते साल.

हे सगळं मला तिथल्या तिथे कळलं. आणि मी तुम्हाला सांगितलं, "वार ठाऊक नाही म्हणतो."

खोटं नव्हतं. म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. पुढे तुम्ही विचारलंत, राज्य कोणाचं? तो म्हणाला, पान्याचं, दुसऱ्या कोणाचं असणार? तेही मी तुम्हाला सांगितलं, ते मात्र पुरतं सांगितलं, कारण ते वेड्यासारखं होतं आणि मला लवकर मोकळं व्हायचं होतं. तुम्ही लिहिलंत: वार सांगता येत नाही, राज्य पाण्याचे म्हणतो. दाखला झाला, हुकूम निघाला, आणि चांगोबा मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात गेला. गाडीत चढताना त्याने मला विचारलं की उघाडी कोण बघणार? मी म्हटलं, मी बघतो. तोंडाने बोललेलं खोटं, तुमच्या हिशेबाने माफ. पावसाळ्याच्या आत तो तिथेच वारल्याचं पत्र आलं. तुम्ही ते वाचलंत आणि घडी घालून कागदाला टाचलंत.

तीनेक वर्षांनी ठाकुर्लीच्या पलीकडे, खाडीच्या तरीजवळ, जिथून होडी पैलतीराला जाते तिथे, तुम्ही एका कोळणीचा कागद भरत होतात. तिला दहातलं एकही उत्तर आलं नव्हतं. सून म्हणत होती, माझं नाव आठवत नाही की जेवल्याची शुद्ध नाही. तुम्ही कागद गुंडाळलात, तशी बाजेवरून म्हातारी म्हणाली, "उठा आता, होरी लागल. चौथीचा पानी चढला." आपण बाहेर आलो तर खाडी काठोकाठ, आणि होडी नुकतीच काठाला टेकत होती. तुम्ही खिशातून घड्याळ काढलंत, परत आत गेलात, तिला खोदून खोदून विचारलंत. पंचमीला कधी? षष्ठीला कधी? ती सांगत गेली, एकदाही अडली नाही. तुम्ही बाहेर येऊन तरीच्या दगडावर बसलात. होडी आपल्याशिवाय गेली.

मग तुम्ही म्हणालात, "धर्मा, चांगोबा मिठागरावरचा होता. त्याला आपण वार विचारला."

हीच ती वेळ होती. तुमच्या शेजारी मी उभा होतो, आपल्या दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं, आणि तुम्ही दार उघडून दिलं होतंत. मी म्हणालो, हो साहेब, प्रश्नच चुकला. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, प्रश्न माझा होता.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्याबद्दल तेराव्याच्या पंक्तीत लोक बोलत होते, पण कशातून ते आलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही कागदच बदललात. डावीकडे गेलं काय, उजवीकडे राहिलं काय, असे दोन रकाने पाडलेत, आणि सक्त ताकीद दिलीत की उजवा रकाना भरल्याशिवाय डाव्याला हात लावायचा नाही. कोळणीला पाणी विचारायचं, सोनाराला कस, सुईणीला दिवस. कुंभाराकडे गेलात तर प्रश्न न विचारता त्याच्या हातात माती दिलीत. माजिवड्याला गोठ्यात साखळीने बांधलेल्या त्या माणसाजवळ तुम्ही चार दिवस नुसते बसलात. पाचव्या दिवशी त्याने गाभण गाईकडे बोट करून ती आज विणार असं सांगितलं आणि ती व्याली. घरच्यांनी साखळी काढली. त्यानंतर कुणालाही मुंबईला धाडायचा दाखला देण्यापूर्वी तुम्ही त्याच्या गावी एकदा तरी जाऊन यायचात. मला ठाऊक असलेली सात माणसं अशी घरी राहिली, आपापल्या अंगणात मेली. तो आनंद तुम्ही कधी बोलून दाखवला नाहीत. गाडीत शीळ घालायचात, तीही बेसूर.

आणि तुम्ही तो निबंध लिहिलात. मुंबईच्या डॉक्टरांच्या सभेत उभं राहून वाचलात. पहिल्याच परिच्छेदात चांगोबा. 'मी एका म्हाताऱ्याला चुकीचा प्रश्न विचारला आणि त्याला त्याच्या पाण्यापासून तोडले.' सभेत मागच्या बाकावर मी बसलो होतो. कुणीतरी उठून म्हणालं, अशा कबुलीने धंद्याची अब्रू जाते. तुम्ही म्हणालात, गेली तर जाऊ दे. पुढे जिथे जिथे तुम्ही हा विषय काढलात तिथे तिथे सुरुवात त्याच चुकीने केलीत. दहा-अकरा वर्षं तुम्ही माझ्या वाट्याचं पातक आपल्या नावाने वाचून दाखवत राहिलात, आणि मी त्याची शुद्ध प्रत काढत राहिलो. माझं अक्षर चांगलं म्हणून.

प्रश्न चुकीचा होता हे खरंच. पण चांगोबाने चुकीच्या प्रश्नाचंही बरोबर उत्तर दिलं होतं. ते माझ्या तोंडापाशी येऊन थांबलं.

मग हा प्लेग आला. तुम्हाला कल्याणला छावणीवर नेमलं, मी मागे लागून आलो. तुम्ही झोपड्या-झोपड्यांतून फिरत होतात, तिथेही म्हाताऱ्यांपाशी अंमळ जास्त थांबत होतात. मग तुमच्याच काखेत गाठ आली. खाडीकडच्या टोकाच्या झोपडीत तुम्हाला ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताप थोडा उतरला, तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "धर्मा, आज पाणी कधी भरेल?"

मी मिठागरवाल्याचा मुलगा. खाडी पन्नास पावलांवर. आणि मला सांगता येईना. तिथी कोणती तेच मला ठाऊक नव्हतं. छावणीत मी फक्त तारखा लिहीत होतो. मी म्हणालो, "ठाऊक नाही, साहेब."

तुम्ही हसलात. ते तुमचं थट्टेचं हसू होतं, मला ओळखू येतं. म्हणालात, "मग तुझ्या कागदावर काय लिहू?"

मी उठून खाडीवर धावत गेलो. नावाड्याला विचारलं. तो म्हणाला, आज दशम, दिवे लागून घटका-दोन घटका झाल्या की भरेल. ते घेऊन मी परत आलो, तर तुम्हाला पुन्हा ग्लानी आली होती. मी तुमच्या कानाशी सांगितलं. ऐकलंत की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मला एकच विचार पोखरतो आहे. तुम्हाला ठाऊक होतं का? तरीच्या दगडावर बसलात तेव्हाच तुम्ही ओळखलं होतंत का, की आमच्या गावचं माणूस, आमच्या गावची बोली, आणि मी मध्ये? बारा वर्षं तुम्ही मला बोलायला जागा ठेवलीत आणि मी बोललो नाही, असं झालं का? की ते नुसतं तापातलं बोलणं होतं? तुमच्या पद्धतीने दरवर्षी हाच प्रश्न स्वतःला विचारून बघेन. पण उत्तर देणारं माणूसच उरलं नाही. तुमचा मला राग येतो, अप्पासाहेब. विचारायचं होतंत. एकदा दरडावून विचारलं असतंत तर मी सांगून टाकलं असतं.

आज सकाळी मी बाईसाहेबांकडे गेलो. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. वाटलं होतं, दप्तर परत मागतील. त्यांनी कागद उचलून वाचला. मग म्हणाल्या, "मला सांगून काय होणार? ज्यांना सांगायचं त्यांना लिहा. आणि लिहिलेलं ह्या कागदालाच जोडा."

मी म्हणालो, तुम्ही तर अक्षर बदलू नका म्हणाला होतात.

"त्यांचं बदलू नका," त्या म्हणाल्या. "तुमचं राहिलंय ते घाला."

म्हणून तुमचं लिहिणं जसं होतं तसं उतरवलं आहे. 'वार सांगता येत नाही' हे तुमचं वाक्य डाव्या बाजूला तसंच आहे. चांगोबाचा कागद जुना, त्याला उजवा रकाना नव्हता. मी पट्टी धरून रेघ मारली आणि उजवीकडे लिहिलं: 'अष्टमीचे पाणी. भांग. दिवे लागताना भरेल. उत्तर बरोबर होते. कंपाउंडरने डॉक्टरांस सांगितले नाही.' खाली सही केली. धर्माजी असं लिहायला घेतलं होतं, मग ते खोडून धर्म्या लिहिलं, सखूचा पोर.

आज द्वादशी आहे. पाणी रात्री जेवणं झाल्यावर भरेल. हे मी कुणाला न विचारता लिहितो आहे.